दुपारी नको, संध्याकाळी हवी

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नात, सोसायटीत, गावी पारावर एकच प्रश्न येतो: दुपारी सौर प्रकल्पांना वीज कमी करायला सांगता आणि संध्याकाळी आमची लाईट घालवता, हे कसलं नियोजन? राज्यात विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवणाऱ्या भारप्रेषण केंद्रात मी पाळीला बसतो, म्हणजे प्रश्न मलाच आहे.

कोळशाचा संच दुपारपुरता विझवता येत नाही. तो क्षमतेच्या 55 टक्क्यांपर्यंत उतरवायचा, त्याखाली नाही. पार थंड झाला तर संध्याकाळी सातला हाताशी नसतो. म्हणून दुपारी सौरलाच कमी करा म्हणावं लागतं. 'मग शेजारच्या राज्यातून घ्या' म्हणता. नागपूरचा सूर्य मुंबईच्या साधारण 25 मिनिटं आधी मावळतो, एवढाच काय तो फरक. गुजरात, राजस्थान आणि आपण जवळजवळ एकदमच अंधारात शिरतो, आणि वीज सगळ्यांनाच तेव्हा हवी असते.

हे खरं आहे. पण एवढ्यावर मी सुटत नाही.

एका मार्चमध्ये दुपारी तीननंतर मराठवाड्यावर अवकाळीचे ढग आले आणि सौर वीज घसरू लागली. कोयनेचे जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतात, पण विजेसाठी तिथून पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला 67.5 टीएमसी, आणि ते 31 मेपर्यंत पुरवायचं. मी थांबलो. ढग सरकतील, एप्रिल-मे अजून जायचेत, असं मनाशी म्हटलं. ढग सरकले नाहीत. साडेसहाला कोळशाच्या एका संचाची बॉयलर ट्यूब फुटली. ग्रीडची फ्रिक्वेन्सी, जी 50 हर्ट्झच्या आसपास राहायला हवी, ती 49.90 च्या खाली गेली आणि आपण ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वीज ओढत होतो. कोयनेला फोन केला. ती भरात येईपर्यंत वाट पाहायला वेळ उरला नव्हता. फीडर, म्हणजे गावांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, बंद करायला मीच सांगितलं.

थोड्या वेळाने आत्याचा फोन आला. ती जालन्याकडे असते. "अरे, लाईट गेलीय. ह्यांचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलंय. सिलिंडर लावलाय, पण किती पुरेल कळत नाही. तुला कळतं का रे, कधी येईल?"

"बघतो, आत्या," म्हणालो. माझ्याच सांगण्यावरून गेलीय, हे तोंडातून निघालं नाही. अकरा मिनिटांनी वीज आली. आतोबांना काही झालं नाही. आत्याला मी अजून सांगितलेलं नाही.

पूर्वी मी सगळ्यांना सांगायचो की सौर वीज म्हणजे ग्रीडला नसता ताप. दिवसा मोटार चालू करता आली की शेतकऱ्याला रात्री साप-विंचवात जावं लागत नाही, हे मी तेव्हा हिशोबात धरलंच नव्हतं. ती चूक मान्य. साठवण हवी, तेही मान्य. घाटघरला पाणी वर चढवून संध्याकाळी सोडता येतं, पण तो प्रकल्प 250 मेगावॉटचा आणि राज्याची मागणी पंचवीस हजारांच्या पुढे जाते. बॅटऱ्या येतायत. तोवर कुणाचा फीडर बंद करायचा?

आता ढग दिसले की मी चारलाच कोयनेला फोन लावतो. शेजारचा सहकारी विचारतो, मे महिन्यात पाणी संपलं तर काय करशील? त्याचंही चुकत नाही.