तळ्याची वही

आम्ही घर घेतलं ते तळ्यावर भाळून. चाळीसेक घरं, एक फाटक आणि मधोमध पाणी. छपरांवरून नि रस्त्यांवरून वाहणारं पावसाचं पाणी साठावं म्हणून तो खड्डा खोदला होता, हे कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं होतं. वाचलं कोणी?

तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी हिरवंगार झालं. सभेत आरडाओरडा झाला आणि शेवाळ मारायला मोरचूद टाकायचं ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. चार दिवसांत पाणी निवळलं. पाचव्या पहाटे मासे पोट वर करून तरंगत होते. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. सगळं तळं एकाच दमात मारायचं नसतं, हे औषध टाकून झाल्यावर समजलं.

सचिव म्हणाले, "आता तुम्हीच बघा." मग मी वही घातली.

प्राणवायू मोजायचा मीटर आणला आणि पहिलीच चूक केली. दुपारी चारला मोजून "सगळं ठीक आहे" असं सभेत सांगून बसलो. उन्हात शेवाळच प्राणवायू तयार करतं, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा. खरी परीक्षा सूर्य उगवायच्या आधी. पहाटे उठून मोजलं तर लिटरला जेमतेम 2 मिलिग्रॅम. माशांना साधारण 5 तरी हवेत. तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारा पंप रात्रभर चालवायला मग कोणी विरोध केला नाही.

दुसरं साधन घरीच केलं : 20 सेंटिमीटरची तबकडी, चार भाग, आलटून पालटून काळे-पांढरे. दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी होईल ती खोली लिहायची; जितकी खोल दिसेल तितकं पाणी नितळ. 1865 साली सेकी नावाच्या इटालियन धर्मगुरूने ही युक्ती वापरली. गृहस्थ मूळचा खगोलशास्त्रज्ञ! आमचा पहिला आकडा 40 सेंटिमीटर.

खरी लढाई हिरवळीवरून झाली. पाण्याच्या तपासणीत स्फुरद (फॉस्फरस, शेवाळाचं खाद्य) भरपूर निघालं आणि ते आमच्याच अंगणांतल्या खतातून येत असणार, हे कोणाला पटेना. मग आठ अंगणांतली माती तपासून घेतली. आठही ठिकाणी स्फुरद आधीच पुरेसं होतं. बिनस्फुरदाच्या खतावर तेव्हा एकमत झालं. वाहून येणारं खत अडावं म्हणून काठाचं तीन मीटर गवत न कापता वाढू द्यायचं, यावर मात्र नाही. साप येतील, घरातून पाणी दिसणार नाही, अवकळा येईल! तीन सभांनंतर तोडगा निघाला : प्रत्येक घरासमोर पाण्यापर्यंत एक मोकळी वाट, बाकी गवत.

दोन उन्हाळ्यांनी तबकडी 90 सेंटिमीटरपर्यंत दिसू लागली. पण गाळात मुरलेलं स्फुरद अधूनमधून वर येतंच. मागच्या महिन्यात आकडा पुन्हा 60 वर घसरला. गाळ उपसण्याचा विषय पुढच्या सभेत आहे. वर्गणीचा आकडा ऐकल्यावर या वेळी किती हात वर होतील, सांगता येत नाही.