फिल्टर झटकणारे मामा

कागदोपत्री आमचं झिरी मारायचं, म्हणजे वायरिंगसाठी भिंतीत खाच पाडायचं सामान चोख होतं. पाच इंची ग्राइंडर, त्यावर धूळ अडवणारं श्राउड, शेजारी व्हॅक्यूम. तपासणीच्या तक्त्यात तिन्हींसमोर बरोबरच्या खुणा. तरी बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकलं की दाताखाली कचकच यायची. सेफ्टी ऑफिसर या नात्याने त्या दिवशी काम थांबवलं आणि मशीनपासून मागे मागे एकेक जोड सोडवत गेलो. जे दिसलं ते अजून डोक्यात घोळतंय.

सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या काँक्रीट ब्लॉकच्या भिंतीला प्लास्टर झालं की वायरिंगचा पाइप बसवायला दोन समांतर काप घ्यायचे आणि मधली पट्टी छिन्नीने उडवायची. नकाशाबरहुकूम हे एकदाच व्हायला हवं. पण गिऱ्हाईक साइट बघायला येतं, एसीचा पॉइंट पलीकडच्या भिंतीवर मागतं, सेल्सवाले 'हो सर' म्हणून मोकळे होतात आणि त्याच खोलीत पुन्हा कटर चालतो. धूळ मात्र ज्याला तिथे राहायचं नाही त्याच्या छातीत.

हिशेब सोपा आहे. पातं 2 मिमी जाड, काप 30 मिमी खोल, निम्मा प्लास्टरमध्ये, निम्मा ब्लॉकमध्ये. दोन्ही काप मिळून मीटरमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास पीठ निघतं. आता दुसरा आकडा. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने 2016 मध्ये फुफ्फुसात खोलवर जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाची, म्हणजे वाळूत असतो त्या खनिजाच्या बारीक धुळीची मर्यादा ठरवली: आठ तासांची सरासरी, घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम. दहा बाय दहाच्या खोलीत जेमतेम 26 घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या सगळ्या हवेत मिळून सव्वा मिलिग्रॅमच्या थोडं वर गेलं की मर्यादा गाठली. दीडशे ग्रॅममधलं सगळं काही सिलिका नसतं आणि सगळं तितकं बारीकही नसतं, पण अंतर केवढं आहे ते बघा. 'खिडकी उघडी आहे ना' हे उत्तर म्हणूनच मला ऐकवत नाही. कोपऱ्यातला पंखा तर त्याहून वाईट, तो शेजारच्या खोलीतल्या पुट्टीवाल्यालाही वाटा देतो.

व्हॅक्यूमचा नियम असा की पात्याच्या व्यासाच्या दर इंचाला 25 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 25 घनफूट हवा ओढली गेली पाहिजे. पाच इंचाला 125. आमच्या व्हॅक्यूमच्या खोक्यावर 130 छापलेलं, म्हणून खरेदीवाले खूश. तो आकडा नळी न जोडता, कोऱ्या फिल्टरवरचा. प्रत्यक्षात व्हॅक्यूम सारखा ओढत न्यायला नको म्हणून मूळ नळीला दुसरी नळी जोडलेली. श्राउडचं तोंड आणि नळी जुळेना, म्हणून मध्ये प्लंबरकडचा रिड्यूसर, म्हणजे जाड-बारीक पाइप जोडायचा तुकडा, टेप गुंडाळून बसवलेला. टेप सोडला तर रिड्यूसरच्या खांद्यावर बोटभर जाड पीठ दाबून बसलं होतं, नखाने खरवडावं लागलं. आणि टाकीत पिशवीच नव्हती. पिशवीला पैसे पडतात, त्यामुळे सगळं थेट फिल्टरवर. असा फिल्टर काही मीटरच्या कामातच चोंदतो. मोटर गरगरते, आवाज येतो, ओढ मात्र नसते.

गळती शोधायला महागडं यंत्र लागत नाही. खिडकीवर ताडपत्री टाकायची, दिवे बंद करायचे, टॉर्च धुळीच्या पलीकडे ठेवायचा, झोत थेट डोळ्यांत येऊ नये म्हणून मध्ये हात धरायचा आणि प्रकाशाच्या दिशेने बघायचं. एरवी न दिसणारी धूळ लख्ख दिसते. आमची तीन ठिकाणी दिसली. पातं भिंतीत शिरताना, कोपऱ्यात श्राउडची कड उचलली जाते तिथे, आणि व्हॅक्यूमच्या मागच्या जाळीतून. फिल्टर घरगुती दर्जाचा होता, बारीक धूळ त्यातून आरपार जात होती.

नळी एकच ठेवली, रबरी अडॅप्टर आणला, फ्लीसची (न विणलेल्या कापडाची) पिशवी आणि बारीक घातक धुळीसाठीचा एम वर्गाचा फिल्टर बसवला. कारागिराला पातं फिरतं त्याच्या उलट दिशेने मशीन सरकवायला लावलं, म्हणजे पीठ श्राउडच्या तोंडाकडे फेकलं जातं. काप संपल्यावर व्हॅक्यूम लगेच बंद करायचा नाही, नळी रिकामी होऊ द्यायची. टॉर्चमध्ये फरक दिसला. कारागीर चांगला आहे, एकदा दाखवल्यावर पुन्हा सांगावं लागलं नाही.

पण त्या सकाळी सगळ्यात दाट ढग दिसला होता तो जिन्याच्या लँडिंगवर. चोंदलेला फिल्टर काढून मामा तिथे तो भिंतीवर आपटत होते. मामा परभणीकडचे, पन्नाशीच्या पुढचे, कामाला बिगारी. तोंडाला गमछा. गमछ्याच्या विणीतून ही धूळ बिनदिक्कत आत जाते. एन-95 गमछ्यावरून किंवा दाढीवरून लावला तर तोही कडेने गळतो. मास्क का नाही म्हणून विचारलं, तर म्हणाले, "साहेब, मशीन माझ्या हातात कुठंय? मी तर नुस्तं झाडतो."

खरंच होतं. मास्कची यादी 'मशीन ऑपरेटर' या शीर्षकाखाली होती. एक्स-रे आणि फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीची यादीही तीच. ओढून जमवलेली धूळ पुन्हा हवेत उडवणारा आणि उरलेली कोरड्या झाडूने ढवळणारा माणूस दोन्हींत नव्हता. यादी करणाऱ्याने कारागिराच्या हातातलं मशीन पाहिलं, पुढे धूळ कुठे जाते ते पाहिलंच नाही.

मामांचं नाव दोन्ही याद्यांत घातलं. झाडू बंद, फरशीवरची धूळ त्याच व्हॅक्यूमला चपटं तोंड लावून ओढायची. भरलेली पिशवी टोपण लावून जशीच्या तशी गोणीत टाकायची, फिल्टर आपटायचा नाही. मामांचा खोकला जुना आहे. डॉक्टरांना कामाचा इतिहास चिठ्ठीवर लिहून दिलाय, कारण सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, आणि क्षय यांच्या सावल्या एक्स-रेवर एकमेकींसारख्या दिसू शकतात, आणि सिलिकोसिस असलेल्याला क्षयाचा धोकाही जास्त असतो.

अडलंय ते पिशवीवर. झिरीचा रेट फुटावर आहे. पिशवी बदलायला थांबलं की कारागिराचे फूट बुडतात आणि ठेकेदाराचे पैसे जातात, त्यामुळे माझी पाठ वळली की पिशवी गायब. तिचा खर्च कंपनीने उचलावा आणि बदलण्याचा वेळ रेटमध्ये धरावा, असं लेखी दिलंय. बिलिंगकडून प्रश्न आलाय की पिशवी 'कन्झ्युमेबल'मध्ये टाकायची की 'सेफ्टी'मध्ये.