आमची वाटचाल : भाडेकरार वाचण्याचा व्यवसाय

आमची संस्था लहान आहे आणि ती एकच काम करते. कंपन्यांनी जागा, वाहने आणि यंत्रे भाड्याने घेताना केलेले करार आम्ही वाचतो, त्यांपैकी काय ताळेबंदावर यायला हवे ते ठरवतो आणि लेखापरीक्षकांसमोर टिकतील अशी कोष्टके तयार करून देतो. ऑपरेटिंग लीज म्हणजे मालकीची जोखीम आणि लाभ मालकाकडेच ठेवणारा साधा भाडेकरार, हे या क्षेत्रातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. पूर्वी हा विषय किती सहज झटकून टाकता येत असे, याचा मात्र अनेकांना विसर पडलेला दिसतो. अमेरिकेत 1976 च्या एफएएस 13 या लेखामानकानुसार आणि इतरत्र पुढे आयएएस 17 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार करारांचे दोन गट पडत. मालकीची जोखीम आणि लाभ भाडेकरूकडे देणारे फायनान्स लीज (अमेरिकी नियमात कॅपिटल लीज) असेल तर मालमत्ता आणि देणे दोन्ही ताळेबंदावर येत, आणि ऑपरेटिंग लीज असेल तर भाडे थेट खर्चात जाऊन पुढील वर्षांची देणी टिपणांतील एका कोष्टकापुरती उरत. अमेरिकी नियमात मुदतीसाठी मालमत्तेच्या आयुष्याच्या 75 टक्के आणि भाड्यांच्या वर्तमान मूल्यासाठी तिच्या किमतीच्या 90 टक्के अशा ठळक सीमारेषा असल्यामुळे त्यांच्या जरा अलीकडे थांबणारे करार बेतून घेण्यात मोठमोठ्या सल्लागारांची हुशारी खर्च होत असे. ज्या विमानकंपनीच्या ताळेबंदावर तिचे विमान खरोखर दिसते अशा विमानातून मरण्यापूर्वी एकदा तरी प्रवास करायचा आहे, असे आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी म्हणत, ते याच कारणाने. याच मंडळाच्या 2016 च्या अंदाजानुसार सूचिबद्ध कंपन्यांची भाडेपट्ट्यांची देणी सुमारे 3.3 लाख कोटी डॉलर होती आणि त्यांपैकी 85 टक्क्यांहून अधिक ताळेबंदाबाहेर होती.

जानेवारी 2016 मध्ये आयएफआरएस 16 हे आंतरराष्ट्रीय मानक आणि त्यापाठोपाठ फेब्रुवारीत अमेरिकेचे एएससी 842 जाहीर झाले आणि भाडेकरूंचे जवळपास सर्व करार ताळेबंदावर आणायचे ठरले, तेव्हा बहुतेकांनी याकडे गणिताचा प्रश्न म्हणून पाहिले. आमचे पहिले भागीदार लेखापाल नसून मालमत्ता व्यवहारांचे वकील होते, म्हणून आम्ही तसे पाहिले नाही. पुढील भाड्यांचे वर्तमान मूल्य, म्हणजे आजची किंमत, काढणे एक्सेलला जमते; कोणती रक्कम, किती वर्षे आणि कोणत्या तारखेपासून धरायची, हे करार वाचल्याशिवाय कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते आणि आजही आमचा व्यवसाय त्याच एका म्हणण्यावर उभा आहे.

प्रत्येक कराराचे एक पानी टिपण करण्याची पद्धत त्यांनीच घालून दिली. कार्यालयात त्या पानाला सगळे ‘कुंडली’ म्हणतात. तिच्यातील पहिला रकाना प्रारंभाच्या तारखेचा आहे, आणि ती तारीख सहीची नसून जागा वापरासाठी प्रत्यक्ष ताब्यात आल्याची असते. त्यानंतर रद्द न करता येणारी मुदत, नूतनीकरणाचा आणि मुदतपूर्व समाप्तीचा पर्याय कोणाच्या हाती आहे, निर्देशांकाशी जोडलेली भाडेवाढ, विक्रीच्या टक्केवारीवर ठरणारे भाडे, भाड्यात मिसळलेली देखभाल व सुरक्षा, बिनव्याजी अनामत आणि जागा पूर्ववत करून देण्याची जबाबदारी असे रकाने येतात. शेवटचा रकाना ‘हे कोणी सांगितले’ असा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण नूतनीकरणाची ‘वाजवी खात्री’ आहे किंवा नाही हे करारात लिहिलेले नसते, ते त्या जागेवर काम चालवणाऱ्या माणसाला ठाऊक असते. दुकानात नुकतेच महागडे फर्निचर बसवले असेल तर दुकानदार दोन वर्षांत जागा सोडेल असे कागदावर कितीही लिहिले तरी ते खरे मानता येत नाही.

आमचे दुसरे हत्यार म्हणजे परतफेडीचे कोष्टक. नव्या कर्मचाऱ्याला आम्ही आजही ते एकदा हाताने करायला लावतो. वर्षाअखेरीस 1,00,000 भाडे, मुदत 5 वर्षे आणि दर 10 टक्के असा साधा करार घेतला, तर सुरुवातीचे दायित्व 3,79,079 येते आणि तेवढीच वापरहक्काची मालमत्ता, म्हणजे ती जागा मुदतभर वापरण्याच्या हक्काची नोंद, उभी राहते. आयएफआरएस 16 नुसार पहिल्या वर्षी घसारा 75,816 आणि व्याज 37,908, म्हणजे एकूण 1,13,724 इतका खर्च दिसतो. पाचव्या वर्षी व्याज 9,091 वर येते आणि एकूण खर्च 84,907 इतका उरतो. भाडे तेच असताना आधीच्या वर्षांत नफा कमी दिसतो, आणि तरीही व्याज व घसारा दोन्ही एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या) खाली गेल्यामुळे एबिटडा मात्र फुगतो. अमेरिकी मानकात ऑपरेटिंग लीज हा गट भाडेकरूसाठी कायम राहिला आहे. तेथे दायित्व असेच ताळेबंदावर येते, परंतु नफा-तोटा पत्रकात दरवर्षी 1,00,000 हा एकच सरळ खर्च दिसतो आणि त्यातून व्याज वजा जाता जे उरते, म्हणजे पहिल्या वर्षी 62,092, तेवढ्याने मालमत्ता कमी केली जाते. दोन्ही मानकांनुसार अहवाल देणाऱ्या कंपनीत ही दोन कोष्टके शेजारी शेजारी ठेवावी लागतात. पहिल्या वर्षीच त्यांतील मालमत्तेचे आकडे वेगळे होतात, हे संचालकांना समजावणे हे काम आम्ही शुल्काविना करत आलो आहोत.

आता त्या काळाकडे येतो, ज्याविषयी मला खरोखर लिहायचे आहे. अमेरिकेतील सूचिबद्ध कंपन्यांना एएससी 842 हे 2019 पासून लागू झाले आणि खासगी कंपन्यांना 2020 पासून लागू होणार होते. सूचिबद्ध कंपन्यांचे काम मोठ्या संस्थांकडे जाणार हे उघड होते, म्हणून आम्ही खासगी कंपन्यांच्या तारखेवर आमचे सर्व गणित मांडले, माणसे घेतली, त्यांना कुंडली भरायला शिकवले आणि उधारीवर पगार दिले. नोव्हेंबर 2019 मध्ये ती तारीख एका वर्षाने पुढे गेली. आलेली कामे ग्राहकांनी नम्रपणे थांबवली. आम्ही तग धरला, तोच महासाथ आली आणि जून 2020 मध्ये तारीख पुन्हा एका वर्षाने पुढे ढकलली गेली, म्हणजे 15 डिसेंबर 2021 नंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपर्यंत. या मुदतवाढीची कारणे योग्य होती हे मला मान्य आहे. परंतु नियम वेळेवर येतील असे समजून आधीच तयारी करणाऱ्या लहान संस्थेचे काय होते, याचा विचार कोणत्याही मानक मंडळाच्या टिपणात मी वाचलेला नाही. याच काळात एका मोठ्या प्रतिस्पर्धी संस्थेने आम्ही घडवलेली अनुभवी माणसे दुप्पट पगार देऊन नेली, आणि काही महिन्यांनी त्यांच्या माहितीपत्रकात आमच्या कुंडलीतील रकाने जवळपास त्याच क्रमाने छापून आले. आमच्या भागीदारांनी त्यावर कायदेशीर नोटीस देण्याचे टाळले. मी असतो तर दिली असती.

त्या दिवसांत आम्हाला वाचवले ते आयएफआरएस 16 नुसार हिशेब ठेवणाऱ्या, अनेक शाखा असलेल्या एका किरकोळ विक्री कंपनीने. या कंपनीच्या वित्तप्रमुख मॅडमनी 2019 मध्ये या नव्या मानकावर जाण्याचे काम आम्हाला दिले होते, परंतु वरून आलेल्या आदेशामुळे पुढील वर्षी ते याच प्रतिस्पर्ध्याकडे गेले. करार अपलोड करा, बाकीचे आमचे सॉफ्टवेअर पाहील, असे त्यांना सांगण्यात आले होते. सॉफ्टवेअरने खरोखरच सर्व काही पाहिले. निर्देशांकाशी जोडलेल्या भाड्यात पुढील सर्व वर्षांची महागाई अंदाजाने मिळवली, विक्रीवर अवलंबून असलेले भाडेही दायित्वात धरले आणि त्यामुळे देणी इतकी वाढली की बँकेच्या कर्जकरारातील गुणोत्तराची मर्यादा मोडते की काय, अशी वेळ आली. मानक याबाबत स्पष्ट आहे. निर्देशांकाशी जोडलेले भाडे प्रारंभाच्या तारखेच्या निर्देशांकानुसार धरायचे, निर्देशांक बदलून रोख भाडे बदलेल तेव्हाच पुनर्मापन करायचे, आणि निव्वळ विक्रीवर ठरणारे भाडे त्या त्या काळात खर्ची टाकायचे. मॅडमनी जुन्या कुंडल्या जपून ठेवल्या होत्या. त्या घेऊन त्या स्वतः आमच्याकडे आल्या आणि एवढेच म्हणाल्या, “तुमचा आकडा कमी का येत होता, ते आता बँकेला लिहून द्या.” आम्ही लिहून दिले, लेखापरीक्षकांनी मान्य केले. महासाथीत मिळालेल्या भाडेसवलतींचा मानकातील मे 2020 च्या दुरुस्तीनुसार करायचा हिशेबही त्यांनी आमच्याकडूनच करून घेतला आणि अर्धे शुल्क आगाऊ दिले, ज्यावर आमचे त्या वर्षीचे पगार झाले. कंपनीच्या वार्षिक अहवालात तांत्रिक साहाय्याबद्दल आभार मात्र त्या प्रतिस्पर्ध्याचेच छापले गेले.

त्यानंतर खासगी कंपन्यांची तारीख अखेर आली आणि पुढील वर्षे चांगली गेली.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्यांना, आणि न येणाऱ्यांनाही, काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. कंपनीचा सरासरी कर्जदर सर्व करारांना सरसकट लावू नका. वाढीव कर्जाचा दर, म्हणजे ती मालमत्ता घेण्यासाठी कंपनीला ज्या दराने कर्ज मिळाले असते तो दर, हा त्या कराराची मुदत, चलन आणि तारण यांच्याशी जुळणारा असावा लागतो. अमेरिकेतील खासगी कंपन्यांना जोखीमरहित दर वापरण्याची मुभा आहे आणि ती सोयीची वाटते, पण दर कमी म्हणजे दायित्व मोठे, हे ग्राहकाला आधी सांगा. बारा महिन्यांपर्यंतचे करार ताळेबंदाबाहेर ठेवण्याच्या सवलतीसाठी करार मुद्दाम अकरा महिन्यांचे केलेले दिसले तर आधीची नूतनीकरणे मोजा. ‘सेवा’ असे शीर्षक असलेले वाहतूक करार वगळू नका. त्यांत विशिष्ट वाहने नोंदणी क्रमांकांनिशी दिलेली असतील, पुरवठादाराला ती बदलण्याचा खरा अधिकार नसेल आणि ती कोठे, केव्हा चालवायची हे ग्राहक ठरवत असेल, तर तो भाडेपट्टाच आहे. आणि घरमालक कंपन्यांना या गदारोळात फारसे काही बदलावे लागले नाही, त्यांचे ऑपरेटिंग लीज जवळपास पूर्वीसारखेच आहे, हे त्यांच्याकडून मोठे शुल्क मागणाऱ्या सल्लागारांनी लक्षात ठेवलेले बरे.

ब्रिटनच्या एफआरएस 102 या लेखामानकातही 1 जानेवारी 2026 पासून हीच पद्धत आली असून तेथील लहान कंपन्यांची चौकशी आमच्याकडे सुरू झाली आहे. भागीदार आता निवृत्त झाले असले तरी अवघड करार त्यांच्याकडे जातोच. काम स्वीकारताना आमची अट जुनीच आहे: मूळ करार आणि त्यानंतरचे सर्व पुरवणी करार पूर्ण द्यावेत, सारांश नको, आणि शाखा चालवणाऱ्या व्यक्तीशी आम्हाला थेट बोलू द्यावे.