गुलबक्षीची वेळ

साडीच्या दुकानात आता 'गुलबक्षी दाखवा' म्हटलं की समोरचा पोरगा क्षणभर घुटमळतो आणि विचारतो, "राणी कलर का?" रंगाचं नाव मागे पडलं, झाड मात्र आहे तिथेच आहे. चाळीमागच्या नळापाशी, विहिरीच्या काठाला, न्हाणीचं पाणी जातं त्या पाटाशी. ते सहसा कोणी विकत आणत नाही. शेजारणीकडून चार बिया मागून आणल्या की झालं. फुकटच्या वस्तूकडे आपण नीट बघत नाही, म्हणूनच की काय, गुलबक्षीविषयी जे सर्रास बोललं जातं त्यातलं बरंचसं थोडं थोडं चुकलेलं असतं.

वेळेचंच घ्या. इंग्रजीत तिला 'फोर ओक्लॉक' म्हणतात. पण गुलबक्षी घड्याळ पाळत नाही. उजेड उतरू लागला आणि हवा निवली की ती उमलते. श्रावणातल्या ढगाळ दुपारी चारलाच फुलेल, ऑक्टोबरच्या तापात सहा वाजवेल. मिटण्याचंही तसंच. लख्ख ऊन पडलं तर सकाळी लवकर मान टाकते, झड लागली असेल तर दहा-अकरापर्यंत उघडी राहते. वासही संध्याकाळचाच. तो माणसांसाठी नाही, लांब सोंडेच्या पतंगांसाठी आहे. मध तीन ते पाच सेंटिमीटर लांब नळीच्या तळाशी असतो आणि तिथवर पोचणारी सोंड मधमाशीला नाही.

एक फूल हिरव्या वाटीसकट खुडून नखाने उभं चिरून पाहावं. बाहेरून पाच पाकळ्या दिसतात, पण त्या पाकळ्या नव्हेत. गुलबक्षीला पाकळ्याच नसतात. जे रंगलेलं आहे तो निदलपुंज, म्हणजे एरवी कळी झाकणाऱ्या हिरव्या दलांचा घेर, आणि ज्याला आपण हिरवी निदलं समजतो ती छदं, म्हणजे फुलाखालची पानं. बोगनवेल हिची नात्यातली, आणि तिचाही मामला असाच: तिथे छदंच रंगून फूल असल्याची बतावणी करतात. चिरलेल्या नळीत पाच केसर आणि एक लांब परागवाहिनी दिसेल. फूल मिटताना हे सगळे धागे स्प्रिंगसारखे वळत आत येतात आणि परागपिशव्या परागवाहिनीच्या टोकाला, कुक्षीला, घासतात. पतंग आला नाही तरी बी धरतं ते यामुळे. दर फुलाला एकच बी.

आणि ते बीही खरं तर बी नव्हे. नळी वाळून गळून पडते, तिचा तळ तेवढा मागे राहतो आणि आत तयार होणाऱ्या फळाभोवती कडक होतो. काळं, सुरकुतलेलं, पाच कंगोऱ्यांचं, थेट काळ्या मिऱ्यासारखं जे हाताला लागतं ते हे कवच. ते दाताने फोडू नये. बिया आणि मुळं दोन्ही विषारी आहेत, पोटात गेल्या तर ओकाऱ्या-जुलाब होतात. लहान मुलांच्या घरी मिऱ्याशी असलेलं हे साम्य लक्षात ठेवलेलं बरं. दगडाने ठेचलं तर आतून पांढरंशुभ्र मऊ पीठ निघतं. जपानी लोकांनी या झाडाचं नाव त्या पिठावरूनच ठेवलं, ओशिरोइबाना, म्हणजे चेहऱ्याला लावायच्या पावडरीचं फूल.

शास्त्रीय नावातही एक चूक गोठून बसली आहे. मिराबिलिस म्हणजे नवलाची, तिथवर ठीक. पुढचं 'जलापा' मेक्सिकोतल्या हलापा शहरावरून आलं. तिथून युरोपात जाणारं जुलाबाचं प्रसिद्ध मूळ याच झाडाचं, अशी जुन्या वनस्पतिज्ञांची समजूत होती. ते मूळ निघालं भलत्याच वेलीचं, आपल्या गारवेलीच्या जातकुळीतलं. नाव मात्र राहिलं. या प्रजातीत पन्नास-साठ जाती आहेत, एखाददुसरी सोडली तर सगळ्या अमेरिकेच्या. अंगणात दिसते ती बहुतेक ही एकच.

आपल्याकडे बारावीच्या मुलांना 'मिराबिलिस जलापा' तोंडपाठ असते. लाल गुणिले पांढरी, पहिल्या पिढीत सगळी गुलाबी, दुसऱ्या पिढीत १:२:१, म्हणजे एक लाल, दोन गुलाबी, एक पांढरी. अपूर्ण प्रभावीपणाचं हे उदाहरण परीक्षेत हमखास येतं, आणि वहीत ते लिहिणाऱ्याला खिडकीखालची गुलबक्षी तीच आहे याचा पत्ता नसतो. खरी गंमत पाठ्यपुस्तकाच्या बाहेर आहे. गुलबक्षीचे परागकण फार मोठे, जवळपास मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाचे. नजर चांगली असेल तर एकेक कण सुटा दिसतो, ओल्या कुंचल्याच्या टोकाने उचलता येतो. बी धरायला एकाहून जास्त कण लागतात, असं डार्विनसारखी मंडळी मानत होती. मेंडेलने एकेका फुलाला मोजून एकच कण लावला आणि बी धरलं. १८७० मध्ये पत्रातून त्याने ते कळवलंही. पुढे १९०९ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्सने पांढऱ्या-हिरव्या पानांची गुलबक्षी घेतली. हिरव्या फांदीवरच्या बियांतून हिरवीच रोपं आली, पांढऱ्या फांदीवरच्या बियांतून पांढरी (हरितद्रव्य नसल्याने ती जगत नाहीत), आणि मिश्र फांदीवरून तिन्ही तऱ्हांची. पराग कुठल्याही फांदीचा असो, चाललं आईचंच.

एका झाडावर पिवळी, गुलबक्षी आणि अर्धी-अर्धी अशी फुलं येतात तेव्हा लोक 'कलम केलंय' म्हणतात. कलम नसतं. रंगाच्या जनुकात घुसून बसलेला डीएनएचा एक तुकडा वाढत्या कळीत मधूनच निसटतो. ज्या पेशीतून तो निसटला तिच्या वंशात रंग परततो. कळी लहान असताना निसटला तर मोठा पट्टा, उशिरा निसटला तर नुसते शिंतोडे. अशा झाडाचं बी धरलं तर पुढच्या पिढीत काय येईल त्याचा भरवसा नाही. एकच रंग हवा असेल तर एकरंगी झाड निवडून, दुपारी कळ्या मिटलेल्या असतानाच त्यांवर मलमलीची छोटी पिशवी बांधावी, दुसऱ्या दिवशी दुपारी काढावी आणि त्या देठाला दोरा गुंडाळून खूण ठेवावी.

लावणीत अवघड काही नाही. बी रात्रभर भिजवून एक-दीड सेंटिमीटर खोल पेरावं, आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावं. आठ-दहा आठवड्यांत फुलं लागतात. बिघडतं ते लाडाने. शेणखत फार झालं किंवा सावली पडली की नुसता पाला माजतो. कुंडीत लावायची तर ती बारा इंचांपेक्षा उथळ नको, कारण खाली गाजरासारखं जाड मूळ धरतं. फांद्या सुजलेल्या पेरांपाशी काचेसारख्या तुटतात, तेव्हा वाऱ्याच्या जागी काठीचा आधार द्यावा.

ते मूळ म्हणजेच सगळं भांडवल. उन्हाळ्यात पाणी तुटलं की वरचं झाड वाळून नाहीसं होतं आणि मालक म्हणतो, गेली. जूनच्या दोन सरींनंतर ती परत हजर. नको झाली म्हणून खसकन उपटली तर पेरापाशी तुटून हातात येते आणि मूळ खालीच राहतं. समूळ काढायची तर पाऊस पडून गेल्यावर, माती भुसभुशीत असताना, कुदळीने वीत-दीड वीत खणावं लागतं. तोवर सांडलेल्या बियांतून आणखी पन्नास रोपं आलेली असतात.

रोपं आवरायचा एक उपाय मात्र सोपा आहे आणि जुन्या बायका तो नकळत करत आल्या: रोज संध्याकाळी वेणी. कळ्या टपोऱ्या झाल्या पण सुटल्या नाहीत अशा वेळी, हिरव्या वाटीसकट खुडायच्या. म्हणजे बी धरायचा प्रश्नच मिटला. नुसती नळी ओढली तर टोक निसटतं आणि वेणी उसवते, वाटी असली की गाठीसारखी अडते. तीन कळ्यांच्या नळ्या शेजारी धरून तिपेडी घालायला घ्यायची. दर पेडाला एक नवी कळी मध्ये घ्यायची, तिची नळी जुन्या नळ्यांबरोबर धरून पुढचा पेड घालायचा. तोंडं सगळी एका बाजूला. दोरा नाही, सुई नाही. वीतभर वेणीला तीसेक कळ्या लागतात. घट्ट ओढलं तर नळ्या चुरगळून काळ्या पडतात, सैल सोडलं तर केसांत माळतानाच सुटते. शेवटच्या तीन-चार नळ्या उलट्या वळवून आधीच्या पेडात खोचल्या की झालं. माळताना वेणी कळ्यांचीच असते. दिवेलागणीच्या सुमाराला, डोक्यातच, ती एकेक करून उमलत जाते.