टर्नटेबलखाली किती मिलिमीटर दबायला हवं?

टर्नटेबल म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. रेकॉर्डच्या खाचेतली थरथर कुठली आणि ते ज्यावर ठेवलंय त्या कपाटाची कुठली, हे त्याच्या सुईला कळत नाही. जे हललं ते ती स्पीकरकडे पाठवते. त्यामुळे टर्नटेबलखाली घालायचं रबर, स्प्रिंग यांवर पैसे घालण्याआधी हादरा येतोय कुठून ते बघा.

मोटर बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज अगदी खालून हळूहळू नेहमीच्या पातळीपर्यंत न्या. वाटेतच घूं असा आवाज वाढत गेला, तर स्पीकरचाच आवाज फिरून सुईत शिरतोय. लगेच आवाज उतरवा, वूफर (स्पीकरचा बास वाजवणारा भाग) जाऊ शकतो. स्पीकर त्याच कपाटावर असतील तर आधी ते हलवा. टर्नटेबल खोलीच्या कोपऱ्यात नको, तिथे बास साचतो. झाकण वाजवताना काढून ठेवा. एवढा मोठा प्लॅस्टिकचा पत्रा आवाज झेलणारच. घुमत नसेल तर कपाटावर टिचकी मारा. स्पीकरमधून ठणठणीत ‘ठक्’ आलं, तर दोष आधाराचा.

आता हिशोब. कोणताही मऊ आधार स्वतःच्या एका गतीने डोलतो. त्या गतीच्या साधारण 1.4 पटीच्या वरची कंपनंच तो अडवतो, आणि नेमकी त्या गतीची कंपनं उलट वाढवतो. आर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा सुई असलेला भाग) मिळून 8 ते 12 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 8 ते 12 वेळा डोलतात, म्हणून आधार 3-4 हर्ट्झचा हवा. स्टीलच्या स्प्रिंगसाठी सूत्र सोपं आहे: वजनाखाली ती जितके मिलिमीटर दबते त्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. 28 मिमी दबली तर 3 हर्ट्झ. 2 मिमी दबली तर 11, म्हणजे थेट आर्मच्या दुखऱ्या जागेवर! पातळ रबरी गोट्या, कॉर्कच्या चकत्या यांचं असंच होतं. पायांना लावायचे टोकदार खिळे तर काहीच अडवत नाहीत, हादरा इमानदारीने वर पोचवतात.

स्वस्तात करायचं तर 450 × 400 × 20 मिमीचा कडप्पा घ्या. तो जवळपास 10 किलो भरतो. 6 किलोचं टर्नटेबल धरून एकूण 16, म्हणजे चार स्प्रिंगवर प्रत्येकी 4 किलो. स्प्रिंग घेताना तिच्यावर 4 किलो ठेवून किती दबते ते दुकानातच मोजा. उंच आणि बारीक नको, आडवी कलते.

स्प्रिंगऐवजी लहान मुलांच्या 12 इंची सायकलची ट्यूबही चालते. ती दगडाखाली घाला, व्हॉल्व्ह कडेबाहेर राहू द्या, दगड शेल्फपासून जेमतेम उचलला जाईल एवढीच हवा भरा. मग दगड दाबून सोडा आणि डोलणं मोजा: सेकंदाला तीन-चार ठीक, जास्त असेल तर हवा कमी करा. जड बाजूची हवा हलक्या बाजूला सरकते आणि दगड कलतो, म्हणून पाणसळ लावून टर्नटेबल दगडावर सरकवत समतोल साधा. हवा हळूहळू उतरते, तेव्हा अधूनमधून पुन्हा बघा. वायरींना सैल वळसा ठेवा. ताणलेली वायर शेल्फचा हादरा परस्पर आत नेते.

चालताना सुई उडते ती बहुधा लाकडी जमिनीवर, जुन्या चाळींत वगैरे. तिथे स्प्रिंग घालू नका. पावलांचा ठेका 2-3 हर्ट्झचा, स्प्रिंगच्या अगदी जवळचा. ती नाचायलाच लागते. विटेच्या जाड भिंतीत ठोकलेलं शेल्फ हाच उपाय. थोरेन्स टीडी 150 किंवा लिन एलपी12 अशा टर्नटेबलांत मुळात स्प्रिंग असतात, त्यांच्याखाली आणखी मऊ काही घालू नका. हलकं, ताठ शेल्फ पुरतं.