सॅगमोर हिल : ईडिथ रूझवेल्टचं घर

न्यूयॉर्कहून लाँग आयलंड रेल रोडने निघायचं, जमैकाला गाडी बदलायची आणि ऑयस्टर बेला उतरायचं. पुढे टॅक्सी. सॅगमोर हिलला लोक जातात ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचं घर बघायला. मला मात्र त्यांच्या दुसऱ्या बायकोचा, ईडिथचा संसार बघायचा होता.

हे घर आखलं गेलं पहिल्या बायकोसाठी. तिचं माहेरचं नाव ॲलिस ली, म्हणून घराचं नावही ‘लीहोम’ ठरलं होतं. पण मुलगी झाली (तिचंही नाव ॲलिसच) आणि दोनच दिवसांत, १४ फेब्रुवारी १८८४ला, ही आई ॲलिस गेली. त्याच दिवशी, त्याच घरात थिओडोरची आईही गेली. तान्ही मुलगी आपल्या मोठ्या बहिणीच्या, ॲनाच्या पदरात टाकून तो डाकोटाच्या कुरणांत निघून गेला. ऑयस्टर बेचं बांधकाम थांबलं नाही. नाव तेवढं बदललं, ते सॅगमोर हिल झालं.

ईडिथ कॅरो ही थिओडोरच्या धाकट्या बहिणीची, कॉरिनची मैत्रीण. थिओडोरला लहानपणापासून ओळखणारी. दोघांचं पुन्हा जुळलं ते त्यांनी लपवून ठेवलं, कारण इतक्या लवकर दुसरं लग्न म्हणजे गेलेल्या बायकोशी बेइमानी, असं त्याचं मन त्याला खात होतं. २ डिसेंबर १८८६ला लंडनमध्ये लग्न झालं. त्याआधी त्याने ॲनाला कळवलं होतं, की हवं तर मुलगी तुझ्याकडेच राहू दे. ईडिथने ते चालू दिलं नाही. मुलगी आपल्याच घरात वाढणार, असं तिने ठणकावून सांगितलं.

मला ईडिथबद्दल आदर वाटतो तो इथे. ती फार मायाळू होती असं मी म्हणणार नाही. शिस्तीची होती, बोलायला तिखट होती, आणि वाढत्या वयातल्या ॲलिसशी तिचे खटके उडत. पण छोट्या ॲलिसचे पाय अधू होते, तेव्हा रोज रात्री त्यांना ताण देणारी साधनं बांधायला हीच बसायची. थिओडोरने मात्र लेकीजवळ तिच्या आईचं नाव कधी काढलं नाही. आत्मचरित्रातही पहिल्या बायकोचा उल्लेख नाही. हे मला आजही पटत नाही.

घर आतून अंधारं आहे. गडद लाकूड, भिंतींवर शिकारीतल्या प्राण्यांची शिंगं असलेली मुंडकी, जमिनीवर त्यांची कातडी. आणि मग एकदम उजेडाची खोली लागते, ती ईडिथची बैठक. इथेही ध्रुवीय अस्वलाचं कातडं आहेच, पण खोलीचा थाट तिचा. घराचा सगळा कारभार तिने इथून चालवला. हिशेब तिच्याकडे, नवऱ्याला ती खिशात घालायला पैसे मोजून द्यायची आणि ते कुठे गेले हे त्याला सांगता यायचं नाही. तिची स्वतःची पाच मुलं (टेड, केर्मिट, एथेल, आर्ची, क्वेंटिन) आणि ॲलिस, अशी सहाजणं या घरात हुंदडली. राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात तर उन्हाळ्यात देशाचा कारभारही इथूनच चाले. त्या वर्दळीतही मुलांच्या जेवणाखाणाचं, अभ्यासाचं तीच बघायची.

पुढचं वाचताना जीव कासावीस होतो. क्वेंटिन जुलै १९१८मध्ये फ्रान्सच्या आकाशात लढताना गेला. ६ जानेवारी १९१९ला थिओडोर याच घरात झोपेतच गेला. दुसऱ्या महायुद्धात केर्मिट आणि टेडही गेले. तरी ईडिथ कोपऱ्यात बसून राहिली नाही. जगभर फिरली, आणि १९३२मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, नात्यातल्या फ्रँकलिन रूझवेल्टच्या विरोधात, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या प्रचाराला मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या व्यासपीठावर उभी राहिली! १९४८मध्ये ती गेली, तीही सॅगमोर हिललाच.

जाणार असाल तर घर आतून फक्त मार्गदर्शकाबरोबरच बघता येतं, हे ध्यानात ठेवा. आणि तिच्या बैठकीत शिकारीच्या गोष्टी थोड्या बाजूला ठेवून ईडिथबद्दल विचारा.