आमची वाटचाल : कॅसेटपासून एलईडी पाटीपर्यंत

नव्वदच्या दशकात नागपूरच्या सीताबर्डीत आम्ही टीव्ही, रिमोट आणि व्हिडिओ गेम दुरुस्तीचं दुकान टाकलं. गेम म्हणजे निन्टेंडोने १९८३मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम या गेमयंत्राच्या स्वस्त नकला. फुंकर मारून मारून पोरं थकली की कॅसेट आमच्याकडे यायची. बहुतेक वेळा पट्ट्या खोडरबरने घासल्या की काम व्हायचं.

त्यात काही कॅसेटी मात्र विचित्र असायच्या. आवाज बरोबर, गेमही चालतोय, पण पडद्यावर भलतेच तुकडे. या कॅसेटीत प्रोग्रामची चिप वेगळी आणि चित्रांची वेगळी. दुसरीची एखादी लाइन सुटली की असं व्हायचं. त्या चिपमध्ये असतं तरी काय, हे बघायला ईप्रॉम रीडर, म्हणजे चिपमधला मजकूर वाचणारं यंत्र, घेतला आणि आकड्यांच्या रांगाच रांगा समोर आल्या.

पडद्यावरचं सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनतं आणि एका तुकड्याला १६ बाइट लागतात. एका बाइटमध्ये आठ ० किंवा १, म्हणजे आठ ठिपक्यांची एक ओळ. सरळ वाचलं तर हाती काही लागत नाही. पहिले आठ बाइट हा एक थर, पुढचे आठ दुसरा. दोन्ही एकावर एक ठेवायचे. पहिल्या थराची ओळ ००११११००, दुसऱ्याची ०००११०००. पहिल्यातला एक म्हणजे १, दुसऱ्यातला म्हणजे २. बेरीज आली ००१३३१००, म्हणजे कडेला एक रंग, मध्ये दुसरा. आजकाल हे दाखवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. तरी आमच्याकडे नवीन येणाऱ्याला मी आधी आलेखवही आणि पेन्सिलच देतो. पोरं कुरकुरतात, कुरकुरू द्या.

पुढे गेमचा धंदा बसला आणि आम्ही एलईडी पाट्यांकडे वळलो. दवाखाने, मंगल कार्यालयं, मेसवाले अशी गिऱ्हाइकं. इथे ती आलेखवही खरी कामाला आली. बाजारात मिळणारं पी-१० पॅनेल ३२ बाय १६ ठिपक्यांचं. इंग्रजीला १६ ओळी पुरून उरतात. मराठीत मात्र वर वेलांटी, मग शिरोरेघ, खाली अक्षर आणि त्याखाली उकार. त्यात तयार फॉन्ट जोडाक्षरं फोडायचे. 'डॉक्टर'मधला क पाय मोडून वेगळा उभा राहायचा. आम्ही प्रत्येक अक्षर चौकटीत हाताने बसवलं. काना सगळ्यांचा एकच ठेवला, अर्धी अक्षरं वेगळी काढली. 'क्ष' आणि 'ष्ट' यांनी सगळ्यात जास्त पिडलं. पण त्यानंतर पाटी वाचून 'हे मराठी बरोबर आहे' म्हणत लोक येऊ लागले आणि खऱ्या अर्थाने आमची फर्म उभी राहिली.

जुन्या गेमकडे परत नेलं एका निवृत्त शिक्षकांनी. केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत १९८४पासून काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते. सरांनी त्यावर मुलांसाठी एक गेम लिहिला होता. संगणक गेला, वही राहिली. 'बघा बरं, यातून काही निघतं का,' म्हणाले. वहीत पहिलीच ओळ होती : व्हीडीयू २३,२४०,२४,६०,१२६,२५५,६६,९०,९०,१२६.

व्हीडीयू म्हणजे पुढचे आकडे पडद्याकडे पाठव. २३ हा नवीन चिन्ह बनवण्याचा हुकूम, २४० त्या चिन्हाचा क्रमांक. उरलेले आठ आकडे म्हणजे आठ ओळी. डावीकडून घरांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. २४ म्हणजे १६ अधिक ८, मधली दोन घरं काळी. ६० ला चार, १२६ ला सहा, २५५ ला आठही. ६६ ला फक्त ६४ आणि २ ची दोन घरं. ९० ला तीच दोन आणि मधली दोन. आमच्याकडचा पोरगा घरं काळी करता करता ओरडला, 'सर, इथे तर घर निघून राहिलं!' छप्पर, भिंती आणि मधोमध दार.

गेमच्या नकाशाचं पान त्याहून चिवट होतं. नुसते ०, १, २, ३. रुंदी कुठे लिहिलेली नाही. अशा वेळी एकच उपाय. आकडे वेगवेगळ्या रुंदीत मांडत जायचं आणि उभ्या रेषा जुळतात का बघायचं. २०च्या ओळीत मांडल्यावर १ च्या भिंती सरळ उभ्या राहिल्या. ते पटण्यासारखंही होतं, कारण त्या संगणकाच्या पडद्याच्या मोड २ आणि मोड ५ या मांडण्यांमध्ये एका ओळीत २०च अक्षरं मावतात. ३ कुठे आहेत बघितलं तर भिंतींच्या आतल्या कोपऱ्यांतच. सर हसून म्हणाले, 'खजिना आहे तो.'

आता तो गेम इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतो. सध्या आम्ही फॅमिकॉमसाठी स्वतःचा मराठी गेम लिहितोय. त्यात पार्श्वभूमीला एका वेळी २५६च तुकडे मिळतात आणि निम्मे तर अक्षरांतच जातात, त्यामुळे पात्रांना कमी बोलायला लावलंय. पोट अजूनही पाट्यांवरच भरतं. जुन्या वह्या, प्रिंटआउट कुणाकडे असतील तर वाचून देतो, पहिल्या पानाचे पैसे घेत नाही. कॅसेटीही घेतो, पण आणण्याआधी फुंकर मारू नका. थुंकीनेच पट्ट्या गंजतात.